जळगावात स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणजे

आजचा भाग गाड्यांवर आहे. मायलेज, डिकी आणि सात सीटवाल्या गाड्या आज नाहीत. दोन दरवाज्यांच्या, जमिनीला चिकटलेल्या, आवाज ऐकून म्हशी दावं तोडतील अशा गाड्या.

विषय का आला ते सांगतो. माझा शाळेतला एक मित्र आहे, रावेरकडचा. नाव सांगत नाही, कारण त्याचे वडील हा पॉडकास्ट ऐकतात. घरचा केळीचा व्यापार, मागची दोन-तीन वर्षं बरी गेली. परवा रात्री साडेअकराला त्याची व्हॉइस नोट आली. "भो, तू इंजिनिअर आहेस, तर सांग. मुंबईत एक सेकंडहँड पोर्शे नाइन इलेव्हन बघितली आहे. एक मस्टँग पण आहे. नाहीतर नवी बीएमडब्ल्यू झेड फोर. बजेट एक कोटी, थोडं इकडेतिकडे. कोणती घेऊ?"

मी पुण्यात बसून कोड लिहितो. पण आपल्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. काकूंचा फ्रीज बंद पडला तरी फोन मलाच येतो. तर मी चार दिवस अभ्यास केला, आणि त्याला पाठवलेलं उत्तर इतकं लांबलं की त्याचा हा भागच झाला.

आधी इमेजचं बोलू. बाकीचे यूट्यूबवाले इमेजला शेवटी ठेवतात, जणू काही ती लाजायची गोष्ट आहे. मला तसं वाटत नाही. एक कोटीची गाडी कोणी फक्त ऑफिसला जायला घेत नाही. ती बघितली जावी म्हणून घेतात, आणि त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच आहे की बघणारे कोण, आणि बघून ते काय समजणार.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. ऑक्टोबर २०१०. अजिंठ्याचा घाट चढून गेलं की लागणारं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत साधारण ६५ कोटी. देशभर बातमी झाली. त्यामागचा विचार उघड होता: आमच्या शहरात पैसा आहे, ते मागास नाही, हे मुंबई-पुण्याला आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांना कळू दे. म्हणजे ही इमेज एका माणसाची नव्हती, गावाची होती. लोक हसले, पण मला तो सौदा हुशारीचा वाटतो. एकट्याने शोरूममध्ये गेलं तर कोणी चहा विचारतं. १५० जणांनी मिळून गेलं तर कंपनीचा मोठा माणूस विमानाने तुमच्याकडे येतो.

पण त्याच सौद्याची दुसरी बाजूही आहे. या गाड्यांसाठी स्टेट बँकेने ४० कोटींच्या वर कर्ज दिलं. व्याज होतं ७ टक्के, असं तिथल्या बँक कर्मचाऱ्यांच्या नेत्याने सांगितलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'मध्ये लिहिलं आणि शेजारी एक ट्रॅक्टर ठेवला. कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईने २००५ मध्ये ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलं होतं, १५.९ टक्क्यांनी. कन्नड म्हणजे कुठे, तर चाळीसगावहून घाट चढला की लगेच. आपल्या उंबऱ्यावरच. मर्सिडीज घेणाऱ्यांनी यात काही चूक केली असं मी म्हणत नाही, दर बँकेने ठरवला. पण बघा, आज त्या १५० गाड्यांची आठवण निघते तेव्हा तो ट्रॅक्टरही सोबत निघतो. गाडी घेताना इमेजही आपण विकत घेतो, पण तिची गोष्ट पुढे कोण कशी सांगेल ते आपल्या हातात नसतं.

आता रावेरला या. मुंबईत वांद्र्याला नाइन इलेव्हन गेली तर लोक फोन काढतात, फोटो घेतात, विसरतात. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात गाडीच्या आधी माणूस ओळखतात. "अमक्याचा पोरगा" अशी ती गाडी ओळखली जाईल. आणि अमक्याचा धंदा काय, तर केळी.

शहरातल्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. शेतकऱ्याचा बाग कापणीला आला की व्यापारी सौदा करतो, माल भरतो, ट्रक उत्तरेला जातो. बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव रोज सकाळी बघितला जातो, शेअर बाजारासारखा. पैसे बऱ्याचदा नंतर येतात, आणि मधल्या दिवसांत सगळं चालतं ते शब्दावर. त्याला आपल्याकडे पत म्हणतात. पत हा ब्रँड नाही, ती वर्किंग कॅपिटल आहे. मे-जूनमध्ये वादळ आलं आणि उभे बाग झोपले, किंवा भाव एकदम पडला, तर त्या आठवड्यात ज्याच्याकडे शेतकऱ्याचे पैसे बाकी आहेत त्याच्या दारात पिवळी स्पोर्ट्स कार उभी असेल तर लोक काय म्हणतील? "पोराला गाडी घ्यायला पैसे आहेत, आमचे द्यायला नाहीत." हिशोब चोख असला तरी म्हणतील. उलट, ज्याने पैसे वेळेवर दिले आहेत त्याची गाडी बघून तेच लोक म्हणतील, "माणूस तगडा आहे, माल याच्याकडेच द्या." गाडी तीच. म्हणून मित्राला माझा पहिला प्रश्न होता: तुमची शेतकऱ्यांची देणी किती दिवसांत फिटतात? त्याला वाटलं मी विषय बदलतोय.

बरं, आता यंत्राकडे.

पोर्शे नाइन इलेव्हन. ही गाडी रोज चालवता येणारी स्पोर्ट्स कार म्हणून जगात नावाजलेली आहे, आणि ते नाव तिने कमावलेलं आहे. पण "पोर्शे भरवशाची" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या वर्षाची, कोणतं इंजिन, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. १९९७ ते २००८ या काळातल्या बऱ्याच नाइन इलेव्हन आणि बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आत एक इंटरमिजिएट शाफ्ट असतो, त्याच्या टोकाला एक बेअरिंग. किंमत इंजिनाच्या मानाने किरकोळ. ते तुटलं तर अख्खं इंजिन भंगारात. त्याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी थ्री गाड्यांचं इंजिन वेगळ्या घराण्याचं, त्यांना हा त्रास नाही. आणि २००९ च्या मॉडेलपासून साध्या नाइन इलेव्हनच्या नव्या इंजिनात तो भागच काढून टाकला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. बाहेरून दोन गाड्या सारख्याच दिसतात, आत एकीत टाइमबॉम्ब आहे आणि दुसरीत नाही. म्हणून सेकंडहँड पोर्शे बघताना रंग आणि किलोमीटरच्या आधी इंजिन कोड आणि सर्व्हिसची पूर्ण फाइल मागायची. फाइल नसेल तर चहा पिऊन परत यायचं.

मस्टँग. फोर्डने २०१६ मध्ये भारतात आणली, तेव्हा एक्स-शोरूम ६५ लाख. पाच लिटरचं व्ही एट. आवाज म्हणाल तर, अहाहा. यंत्र म्हणून तसं साधं, दणकट. पण सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवू असं कंपनीने सांगितलं होतं. तरी विचार करा, ज्या कंपनीला इथे नव्या गाड्या विकायच्याच नाहीत, तिच्याकडे इकोस्पोर्टचे पार्ट मिळणं वेगळं आणि मोजक्या विकलेल्या मस्टँगचा हेडलाइट मिळणं वेगळं. गाडी भरवशाची, आणि तिच्यामागे उभं राहणारं कोणी नाही. ओपन सोर्स लायब्ररी उत्तम असते आणि तिचा मेंटेनर गायब असतो, तसं.

झेड फोर. गंमत अशी की झेड फोर आणि टोयोटाची सुप्रा या बहिणी आहेत. दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला एकाच कारखान्यात बनलेल्या, आणि तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन दोघींना बीएमडब्ल्यूचं. टोयोटासारख्या कंपनीने ज्या इंजिनावर आपला बिल्ला लावला त्याबद्दल मला आदर आहे. तिघांत मी आंधळेपणाने एक उचलायची झाली तर हीच उचलली असती.

पण आपण आंधळे नाही, जळगावकर आहोत. आणि इथे भरवशाचा अर्थ बदलतो. कंपनीच्या भाषेत भरवसा म्हणजे गाडी किती वेळा बिघडते. आपल्या भाषेत भरवसा म्हणजे बिघडली तर किती दिवस उभी राहते. आमच्या कामात दोन आकडे असतात: सिस्टिम किती वेळा पडते, आणि पडल्यावर उठायला किती वेळ लागतो. मुंबईत राहणाऱ्याला पहिला आकडा महत्त्वाचा. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्याला दुसरा. पोर्शेसाठी मुंबईचा रस्ता धरायचा म्हटलं तर जळगावहून चारशे किलोमीटरच्या वर, धुळ्याहून तीनशेच्या वर. स्वतः चालत गेली तर ठीक. नाही गेली तर फ्लॅटबेड ट्रक लागतो, साधी टोइंगची गाडी या बुटक्या गाडीचा पुढचा ओठच तोडून ठेवेल. मग तिथे पार्टची वाट. टायर फाटला तरी तेच, मागचे रुंद टायर आपल्या अजिंठा चौफुलीवर टांगलेले नसतात. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. धुळ्याच्या पुढे लळिंगच्या घाटात रात्री दहाला साइडवॉल फाटली की कळतं, एक कोटीच्या गाडीपेक्षा त्या ढाब्यावरच्या पंक्चरवाल्याची बाइक जास्त भरवशाची आहे.

उन्हाचं आणि पेट्रोलचंही ऐका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. टर्बो इंजिनाला थंड हवा लागते, ती इथे नाही. त्यात या इंजिनांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आवडतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होतं, आपण नव्हतो. कमी ऑक्टेनवर गाडी बंद नाही पडत. नॉक सेन्सर असतो, तो ठोका ऐकतो आणि सॉफ्टवेअर इग्निशन मागे घेतं. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेल्या हॉर्सपॉवरपैकी काही तो प्रोग्रॅम गुपचूप काढून ठेवतो, आणि डॅशबोर्डवर एक अक्षर दाखवत नाही. (असा प्रोग्रॅमर मला टीममध्ये पाहिजे.) आणि आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेत असाल तर तिच्या होस आणि सीलना एवढं इथेनॉल चालतं का, ते त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघा. विकणारा "काही होत नाही हो" म्हणेल. त्याचं काही होत नाही, हे बरोबर आहे.

आता एक गोष्ट जी मित्राला आवडली नाही. एवढा वेग आपण काढणार कुठे?

७ मे २०२४ ला जळगाव तालुक्यात रामदेववाडीजवळ भरधाव कारने दुचाकीला उडवलं. एक आशा सेविका, तिची दोन लहान मुलं आणि नात्यातलाच एक मुलगा, चौघे गेले. ती स्पोर्ट्स कार नव्हती. बारा दिवसांनी, १९ मे ला, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकनने दोघांना मारलं. दोघेही आयटीतले, माझ्यासारखेच, माझ्याच वयाच्या आसपासचे. त्या पोर्शेची कायमची नोंदणीच झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. कोट्यवधीची गाडी आणि १,७५८ रुपये. जळगावच्या प्रकरणातल्या अटका पुण्याचा गाजावाजा झाल्यावर झाल्या. मी ऑफिसमध्ये होतो, दोन्ही बातम्या एकाच महिन्यात वाचल्या, आणि तेव्हापासून आपल्याकडे "भारी गाडी" म्हटलं की काही लोकांच्या डोळ्यांपुढे आधी हे येतं. इमेजच्या रकान्यात हेही लिहावं लागेल. गावात मोठ्या गाडीतला पोरगा दिसला की बायामाणसं लेकराचा हात धरून बाजूला ओढतात. ते कौतुकाने नाही.

वेग काढायचाच असेल तर जागा आहे. धुळ्याहून आग्रा रोडने सरळ वर गेलं की मध्य प्रदेशात इंदूरच्या अलीकडे पीथमपूर. तिथे नॅट्रॅक्स नावाची सरकारी चाचणी संस्था आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये उघडला. रोज उठून जायची जागा नाही ती, कंपन्यांच्या गाड्या तपासायला आहे. पण अधूनमधून सुपरकारवाल्यांना तिथे पळवायला मिळतं, आणि खान्देशातून ते मुंबईपेक्षा जवळ आहे. मित्राला म्हटलं, वर्षातून दोनदा तिथे जाणार असशील तर ४०० हॉर्सपॉवरला अर्थ आहे. सावदा ते रावेर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगण्यासाठी नाही.

पैशाकडे येऊ, हे पटकन उरकतो.

झेड फोर ९० लाखांची धरा, एक्स-शोरूम. ती पूर्ण आयात गाडी. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे १८ लाख. त्यात विमा. एक कोटी इथेच गेले. "कंपनीच्या नावावर घेतो" म्हणाल तर त्यालाही २० टक्केच आहे. जुलै २०२५ पासून या टॅक्सची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे, त्यामुळे नवी नाइन इलेव्हन घेणाऱ्याला तिथे आणखी १० लाखांचा फटका. आणि कोणीतरी सांगेल, "पुदुच्चेरीची पाटी लाव, टॅक्स वाचतो." दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथे नोंदवावी लागते, कायदाच आहे. एमएच १९ लावायची नसेल तर जळगावात मिरवायचं तरी कशाला?

७० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता दीड लाखाच्या जरा आत. पाच वर्षांत व्याजच १७ लाखांच्या वर. तेवढ्या वेळात विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत अर्ध्यावर येते: पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के कमी, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. विमा घेताना झिरो डेप्रिसिएशन घ्याच. नाहीतर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून, आणि बुटक्या गाडीचं पहिलं नुकसान बंपरचंच होतं. पहिल्याच गतिरोधकावर.

तर मी त्याला काय सांगितलं?

मी चौथी गाडी सांगितली. बीएमडब्ल्यू एम थ्री फोर्टी आय. झेड फोरमधल्याच घराण्याचं तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, पण चार दरवाजे. २०२१ मध्ये आली तेव्हा ६२.९० लाख होती, आता ७५ च्या आसपास धरा. चेन्नईला जुळणी होते, म्हणून रोड टॅक्स १३ टक्के. झेड फोरच्या तुलनेत नुसत्या टॅक्समध्ये आठेक लाख वाचतात. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांच्या आत. थ्री सिरीज हजारोंनी विकली गेली आहे, त्यामुळे ब्रेक पॅडसाठी जर्मनीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. गतिरोधक ओलांडते. आणि मागे आई-अण्णा बसू शकतात, पाटणादेवीला जाता येतं. त्याला म्हटलं, घ्यायच्या आधी नाशिक आणि संभाजीनगरच्या वर्कशॉपला स्वतः फोन कर, विचार की या इंजिनाच्या किती गाड्या तुमच्याकडे येतात आणि फ्लॅटबेड पाठवता का. शोरूमच्या सेल्समनला विचारू नकोस, वर्कशॉपच्या सुपरवायझरला विचार.

मला वाटलं, काय जबरदस्त उत्तर दिलं! हिशोबात सगळं बसतं.

त्याचं उत्तर आलं: "भो, पण ती तर साध्या बीएमडब्ल्यूसारखी दिसते. रावेरला कोणाला काय कळणार?"

आणि खरं सांगू, याला माझ्याकडे इंजिनिअरचं उत्तर नाही. त्याचा मुद्दा बरोबर आहे. त्याला ज्यासाठी गाडी हवी आहे ते काम ही गाडी करत नाही. पुण्यात दहा गाडीवेडे मान वळवतील, रावेरला एकही नाही. मी त्याला एवढंच लिहिलं की मग तुला गाडीवर नाही, बघणाऱ्यांवर खर्च करायचा आहे, आणि तो खर्च किती करायचा ते तू आणि अण्णा बसून ठरवा. सध्या कापणीचा हंगाम आहे. अण्णा म्हणाले म्हणे, "आधी सगळ्यांची पेमेंट होऊ दे, मग बोलू."

त्याने मुंबईवाल्याला पोर्शेसाठी टोकन दिलेलं नाही अजून. दिलं तर कळवतो. तुमच्यापैकी कोणी खान्देशात, विदर्भात, कुठेही छोट्या गावात अशी गाडी ठेवली असेल, तर सर्व्हिसला कुठे नेता आणि किती दिवस लागतात, एवढं व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आकडे पाठवा, फोटो नको. चला, भेटू पुढच्या भागात.